झाकणावर बसलेला माणूस

गारवा तयार करता येत नाही. हे वाक्य नोकरीत मी इतक्या वेळा बोललो आहे, की निरोप समारंभात नारळाबरोबर तेच मला परत देतील अशी भीती होती. पण फ्रीज दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या माणसाचं जरा ऐका. गारवा नावाची वस्तू जगात नाही. आहे ती फक्त उष्णता. ती इथून उचलायची आणि तिथे टाकायची, एवढंच माणसाच्या हातात आहे. जिथून उचलली ती जागा गार होते, जिथे टाकली ती तापते. फ्रीज हा हमाल आहे. आतला ताप पाठीवर घेऊन तो मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, आणि हे करताना स्वतःही तापतो.

मी आरोग्य खात्यात लसींचे फ्रीज दुरुस्त करायचो. राहायला जव्हारला, आणि काम जव्हार-मोखाड्याच्या आरोग्य केंद्रांत. माझ्या पदाचं नाव लांबलचक होतं, ते बायकोलाही कधी पाठ झालं नाही. केंद्रांत मला फ्रीजवाले भाऊ म्हणत, पाड्यांवर बरफवाला. खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन मी जीपमधून उतरलो की पोरं मागे लागायची, आणि माझ्याकडे कुल्फी नाही हे कळल्यावर त्यांचे चेहरे पडायचे.

लसीचे नखरे फार. ती कारखान्यातून निघते तेव्हापासून पोराच्या दंडात जाईपर्यंत तिला दोन ते आठ अंशांतच ठेवावं लागतं. मधे कुठे तापली तर ती मरते, आणि मेलेली लस दिसायला जिवंत लसीसारखीच दिसते. सुई टोचली जाते, पोर रडतं, आई समाधानाने घरी जाते, आणि आत काहीच गेलेलं नसतं. या प्रवासाला आमच्या खात्यात शीतसाखळी म्हणतात. साखळीच्या बहुतेक कड्या डांबरी रस्त्यावर आणि शहरातल्या विजेवर असतात. माझ्या वाट्याच्या कड्या घाट चढून वर होत्या, जिथे वीज पाहुण्यासारखी येई.

आयटीआयमध्ये आम्हाला मास्तरांनी उष्मागतिकीचा दुसरा नियम फळ्यावर लिहून दिला होता. उष्णता आपणहून गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते, उलट कधीच नाही. उलट न्यायची तर बाहेरून काम करावं लागतं, आणि त्या कामातलं काही ना काही वाया जातंच. मी तो पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरलो. नोकरीला लागल्यावर एका उन्हाळ्यात मोखाड्यातल्या सूर्यमाळला गेलो आणि तो नियम मला समोरून चढण चढताना दिसला. पाणी झऱ्यावरून खाली आपणहून येतं, त्याला कुणी सांगावं लागत नाही. पण खालच्या झऱ्यावरून वरच्या पाड्यावर पाणी न्यायचं तर बाईच्या डोक्यावर हंडा चढवावा लागतो. तिची मान दुखते, ती घामाने भिजते, आणि कितीही जपून चालली तरी थोडं पाणी हिंदकळून वाटेत सांडतं. न सांडता पाणी वर नेलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. उष्णतेचंही नेमकं तसंच आहे, आणि हंडा वाहणारी बाई म्हणजे माझा कॉम्प्रेसर.

एवढं साधं आहे, तरी ते लोकांना पटवण्यात माझी वर्षं गेली. एका केंद्रात मे महिन्यात दुपारी पोचलो, तर औषधांच्या खोलीतला घरगुती फ्रीज सताड उघडा आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून तिथले कारकून बनियनवर बसलेले. पंखा बिघडला होता म्हणून त्यांनी ही सोय केली होती. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही खोली तापवताय."

"अहो, गार वारा लागतोय की!"

"तुमच्या गुडघ्यांना लागतोय. पाठीमागे जाऊन हात लावा."

त्यांनी मागच्या जाळीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. फ्रीज पुढून जेवढा ताप घेत होता तेवढा मागून त्याच खोलीत ओतत होता, वर स्वतः खाल्लेल्या विजेचाही ताप त्यात घालत होता. कारकुनांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग फ्रीज उलटा करून बसू का?" त्यांचं डोकं तापलेलं होतं म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

म्हणूनच लसीचा फ्रीज घरच्या फ्रीजसारखा पुढून उघडत नाही. तो पेटीसारखा असतो, झाकण वर. गार हवा जड असते, ती तळाला बसून राहते. झाकण उघडलं तरी लगेच सांडत नाही. घरचा फ्रीज उघडला की सगळी गार हवा आपल्या पावलांवर येऊन पडते. पेटीच्या भिंतींत बर्फाचा थर असतो, म्हणजे वीज गेली तरी तो बर्फ वितळेपर्यंत पेटी तग धरते. फक्त एकच अट, झाकण उघडायचं नाही. आणि ही अट पाळणारा माणूस मला क्वचितच भेटला.

काय काय सापडलं असेल मला त्या पेट्यांत! पाण्याच्या बाटल्या तर नेहमीच्याच. एकदा आमरसाचं पातेलं होतं. एकदा एका शिपायाने समुद्राकडून आलेले ओले बोंबील धनुर्वाताच्या लसीखाली दडवून ठेवले होते. मी ओरडलो तर तो म्हणाला, "भाऊ, दोघांनाही गारच लागतं ना?" पण या मंडळींचा मला तेवढा राग येत नसे. मला खरी भीती वाटायची ती काळजी करणाऱ्यांची. वीज गेली की काळजी करणारा माणूस पंधरा पंधरा मिनिटांनी झाकण उचलून बघतो, गार आहे ना अजून? त्याच्या प्रत्येक बघण्याबरोबर खोलीतली उष्णता आत शिरते. मूल झोपलं का हे बघायला दार वाजवणाऱ्यातली ही जात. आमच्या डोंगरात वीज वारंवार जायची आणि काळजी करणारी चांगली माणसं भरपूर होती, त्यामुळे हा रोग आमच्याकडे जास्त.

काळजीचा दुसरा प्रकार बर्फाचा. पाड्यावर लस नेताना निळ्या डब्यात चारी बाजूंनी बर्फाच्या पट्ट्या लावतात. डीप फ्रीझरमधून काढलेली पट्टी दगडासारखी कडक असते, आणि तशीच लावली तर शेजारची लस गोठते. घटसर्पाची, धनुर्वाताची लस एकदा गोठली की ती कामातून गेली. म्हणून पट्टी आधी बाहेर ठेवायची, तिला घाम येऊ द्यायचा, हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच भरायची. मे महिन्यात, समोर चढण दिसत असताना, डोळ्यांदेखत बर्फ वितळू देणं जिवावर येतं. या कामात मी ज्यांना मानलं त्या भोये सिस्टर. मूळच्या मोखाड्याकडच्या शेतकरी घरातल्या, पाड्यापाड्यावर पायी फिरलेल्या. त्या पट्टी कानाशी धरून हलवत आणि पाणी वाजेपर्यंत जीपवाल्याने कितीही हॉर्न वाजवला तरी जागच्या हलत नसत.

मी नोकरीला नवा होतो तेव्हा आमच्याच तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव सगळीकडे झालं होतं. लहान मुलं गेली, कुपोषणाने. मंत्री येऊन गेले, गाड्यांची धूळ उडाली. पुढे वावरला पेटी बसवायला मी गेलो तेव्हा एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "हे यंत्र भूक काढतं का?" मी नाही म्हटलं. तो तिथेच बसून माझं काम बघत राहिला. माझ्या पान्याने भूक दुरुस्त होत नाही, याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण उपाशी अंगाला गोवर झाला तर काय होतं ते तिथल्या सिस्टरांनी मला सांगितलं होतं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की भूक माझ्या हातात नसेल, पण माझ्या पेटीतली लस मेली म्हणून एकही पोर जाता कामा नये. पुढची सगळी नोकरी मी त्या एका हट्टावर काढली. लोक मला खडूस म्हणत, ते या हट्टामुळेच.

त्या हट्टाची सगळ्यात मोठी परीक्षा झाली निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात. मोखाडा तालुक्यातल्या भोये सिस्टरांच्या केंद्रात मी पेटीच्या झाकणाचं रबर बदलायला गेलो होतो. रबर बसलं की नाही हे बघायची एक सोपी रीत आहे. कागदाची पट्टी मधे धरून झाकण लावायचं आणि पट्टी ओढायची. सरकन निघाली तर फट आहे, अडकली तर रबर बसलं. मी चारही बाजूंनी पट्टी ओढून बघितली, सगळीकडे घट्ट. समाधानाने हत्यारं आवरतो तोच वळवाचा वारा सुटला. पत्रे उडाले, घाटात झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले. जव्हारहून येणारा रस्ता बंद आणि केंद्रात अंधार. जनरेटर होता, पण त्याने दोनदा खोकून मान टाकली. मी तासभर त्याच्याशी झटलो. त्याचा एक भाग जळाला होता आणि तो भाग जव्हारशिवाय मिळणार नव्हता. पेटीवरचा तापमान दाखवणारा आकड्यांचा दिवाही विजेबरोबरच गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूर्यमाळच्या पलीकडच्या एका पाड्यावरून मंगळ्या नावाचा माणूस चालत आला. पाड्यातली बरीच कुटुंबं नुकतीच ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवरून परतली होती, त्यात हाही. त्याचा मोठा मुलगा तापाने पडला होता, अंगावर लाल पुरळ. शेजारच्या दोन घरांतही तेच. धाकटी मुलगी वर्षाची, अजून बरी होती. केंद्राचे डॉक्टर लगेच मोटारसायकल काढून गेले. तिशीही न गाठलेले, साताऱ्याकडचे, गडी मनाचा चांगला. मंगळ्याला मागे बसवून गेले आणि त्याला घेऊनच संध्याकाळी परत आले. गोवर होता. आजारी मुलांना औषध देऊन झालं होतं. ज्यांना अजून झाला नव्हता त्यांना लस टोचायला हवी होती, आणि लवकर. सकाळी पाड्यावर जायचं ठरलं. रस्ता बंद असल्यामुळे जव्हारहून नवी लस येणार नव्हती. जी काही होती ती अंधारातल्या त्या पेटीत होती.

मंगळ्या सरळ माझ्याकडे आला. "तू बरफवाला ना? मंग उघड. दाव मला."

"उघडता येणार नाही."

"कशाला नाय? मागल्या साली दोन येला आलू मी पोरीला घेऊन. आज संपली, उद्या ये. उद्या आलू, तर साहेब मिटिंगला. माजा रोज बुडला. आता मी पाड्यावर जाऊन लोकांला थांबवू, आनि उद्या तुमी आलाच नाय तर? मंग माजा कोन ऐकल?"

त्याचं म्हणणं खरं होतं. पाड्यावरची माणसं दुसऱ्या दिवशी खालच्या गावात कामाला निघणार होती. थांबा म्हणून सांगायचं तर त्याच्या शब्दाला आधार हवा होता. डोळ्यांनी लस बघितली असती तर त्याने छातीठोकपणे सांगितलं असतं. पण पेटीतला बर्फ आधीच एक रात्र आणि एक तापलेला दिवस झिजला होता, आणि अजून पुरी एक रात्र काढायची होती. मी पेटीच्या झाकणावर जाऊन बसलो.

"रिकामी पेटी हाये, म्हनून बसलास त्याच्यावर," मंगळ्या म्हणाला.

मला राग आला. मग लक्षात आलं, त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. मी त्याचा हात धरून पेटीच्या भिंतीला लावला. "गार लागते?"

"नाय."

"बाहेरून गार लागली असती तर आतला गारवा बाहेर निघाला असता. काही लागत नाही, हेच चांगलं."

"मंग भिताडाला हात लावला तरी तसाच लागल," तो म्हणाला. चांगल्या पेटीची हीच तर पंचाईत आहे. ती बंद असेपर्यंत सिद्ध काहीच करता येत नाही, आणि सिद्ध करायला उघडली की ती बिघडायला लागते.

इतक्यात डॉक्टर आले. "काका, एकदा आतलं थर्मामीटर बघून घेऊ या. उद्या वर नेल्यावर लस खराब निघाली तर?"

"साहेब, तुम्ही बघितलंत की सिस्टर बघणार. त्यांनी बघितलं की शिपाई बघणार. मग मंगळ्याने काय घोडं मारलंय? उघडायची ती एकदाच, सकाळी, डबा भरताना. खराब निघाली तर शिव्या मी खाईन."

डॉक्टर म्हणाले, "सरका जरा," आणि चहाचा पेला घेऊन माझ्या शेजारी झाकणावर येऊन बसले. सरकारी डॉक्टर आणि मेकॅनिक एका पेटीवर पाय हलवत बसलेले बघून भोये सिस्टरांना हसू आवरेना.

मंगळ्या मात्र हसला नाही. तेव्हा मी त्याला चौकोनाबद्दल सांगितलं. लसीच्या प्रत्येक बाटलीवर एक गोल असतो, त्याच्या आत एक फिका चौकोन. बाटलीला जसजसा ताप लागतो तसतसा चौकोन काळवंडत जातो. गोलाइतका काळा झाला की ती बाटली फेकायची. आणि एकदा काळवंडलेला चौकोन पुन्हा बर्फात ठेवा, हिमालयात ठेवा, परत फिका होत नाही. गेलेली वेळ जशी येत नाही, तसं. वाचता यावं लागत नाही, डोळे असले की पुरे.

"उद्या पाड्यावर डबा तुझ्यासमोर उघडतो," मी म्हटलं. "पहिली बाटली तुझ्या हातात देतो. चौकोन काळा असला तर सगळ्यांदेखत मला हाकलून दे. मी स्वतः येतोय."

पाड्यावर जाणं माझं काम नव्हतं. पण बोलून बसलो होतो, आणि बोललो त्याचं बरंही वाटत होतं. मंगळ्याने माझ्याकडे नीट बघितलं. "येशील?"

"येईन."

तो निघून गेला. मी ती रात्र पेटीवरच आडवा झालो. खरं सांगायचं तर आत काय चाललं आहे ते मलाही माहीत नव्हतं. मी रबर बदललं होतं, पट्टी ओढून बघितली होती, बाकी सगळा भरवसा. झाकण चार बोटं उचलून बघावं असं मलाही वाटत होतं, फार वाटत होतं. ज्यांना आयुष्यभर दरडावलं त्या सगळ्या काळजीवाल्यांची मला त्या रात्री कणव आली.

सकाळी सिस्टरांनी निळा डबा उघडून तयार ठेवला, पट्ट्या ओळीने लावल्या. डीप फ्रीझरही बंदच होता, त्यामुळे पट्ट्यांना घाम कधीच आलेला होता. हॉर्नकडे दुर्लक्ष करायची गरज उरली नव्हती. मी झाकण उचललं. डॉक्टरांनी टॉर्च मारला. थर्मामीटरची रेघ सातच्या आसपास होती. भिंतीतला बर्फ अगदी विरघळत आला होता, दुपारपर्यंत काही टिकला नसता. पण सात म्हणजे सात. सिस्टरांनी बाटल्या भराभर डब्यात घेतल्या, डबा लावला आणि पट्टा माझ्या खांद्यात अडकवला.

सूर्यमाळपर्यंत जीप, पुढे पायवाट. ऊन चढत होतं. मी खांदा बदलत, सावली शोधत चाललो होतो. वरून ऊन, खालून खडक, समोरून वारा, असा तिन्ही बाजूंनी येणारा ताप मला अंगावर जाणवत होता आणि डब्याला किती जाणवत असेल याचा हिशेब डोक्यातून जात नव्हता. अर्ध्या वाटेत मंगळ्या सामोरा आला. त्याने माझ्या खांद्यावरून डबा काढून घेतला आणि हंड्यासारखा डोक्यावर ठेवून पुढे चालू लागला.

आंब्याखाली सगळा पाडा जमला होता. एकही माणूस कामाला गेला नव्हता. मी डबा उघडला, पहिली बाटली मंगळ्याच्या हातात दिली. त्याने ती डोळ्यांशी नेली.

"फिका हाये," तो म्हणाला. मग मोठ्याने, "अरं, फिका हाये!" आणि बाटली घेऊन एकेकाला दाखवत सुटला. हा बघ गोल, हा बघ चौकोन. म्हाताऱ्या डोळे बारीक करून बघत होत्या, बायका एकमेकींना समजावत होत्या. मी मागून ओरडत होतो, "मंगळ्या, हात गरम आहे तुझा! ठेव आत!" सिस्टर तोंडावर पदर धरून हसत होत्या.

टोचायला सुरुवात झाली. गोवराची लस भुकटीच्या रूपात असते. द्रव घालून बाटली तयार केली की चार तासांत वापरायची, उरली तर नष्ट करायची. एका बाटलीतून काही पोरांना पुरते. रांग पुढे सरकत होती, रडण्याचा गलका वाढत होता, आणि मला जन्मात ऐकलेल्या कुठल्याही आवाजापेक्षा तो चांगला वाटत होता. दुपार कलली तशी रांग संपली. तयार केलेल्या शेवटच्या बाटलीची मुदतही संपली. डब्यात एक न फोडलेली बाटली राहिली. सिस्टर म्हणाल्या, "ही उद्या खालच्या पाड्यावर नेऊ," आणि डबा लावू लागल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मंगळ्या केव्हापासून वाटेकडे बघतो आहे. सगळा पाडा त्याने रांगेत उभा केला होता. त्याची स्वतःची मुलगी रांगेत नव्हती.

"पोरगी कुठाय रे?"

"यमुना पान्याला गेली. पोरीला पाठीला बांधून. अंगावर पिते ना. येल म्हनली लवकर."

आम्ही थांबलो. जीपवाल्याने निरोप पाठवला, आम्ही तरी थांबलो. शेवटी खालच्या वळणावर हंडा दिसला, मग त्याच्याखाली यमुना. पाठीला मूल. धापा टाकत आली. हंडा पाऊणच होता आणि तिचा खांदा भिजलेला होता.

"झऱ्याला पानीच नव्हता," ती म्हणाली. "वाटीनं भरला. राहला काय माजे पोरीचा?"

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. एका मुलासाठी बाटली फोडायला मनाई नाही, उलट फोडावी असंच सांगतात. पण वाया गेलेल्या मात्रांबद्दल वरून विचारणा होते, आणि उद्याच्या पाड्यासाठी तर हीच एक बाटली होती. एकीला टोचायची आणि बाकीच्यांची फेकायची.

मी डब्यात हात घातला. पट्ट्यांमध्ये बर्फाचा खडाही राहिला नव्हता, नुसतं पाणी, तेही कोमट व्हायच्या बेतात. बाटली काढून बघितली. चौकोन सकाळपेक्षा एक छटा गडद झाला होता, पण अजून गोलापेक्षा फिकाच. केंद्रात परत नेऊन ठेवणार कुठे? तिथली पेटीही आता गारठा सोडून बसली असणार. उद्याच्या पोरांसाठी जव्हारहून नवी लस आणावी लागणार होती, रस्ता मोकळा करून, हवं तर पाठीवर. ही बाटली काही उद्या बघणार नव्हती. तिच्यात जो जीव होता तो आत्ता, इथे होता.

ज्याने आयुष्यभर लोकांना झाकणं उघडू दिली नाहीत, तो मी म्हणालो, "फोडा सिस्टर."

"अख्खी? एकीसाठी?"

"अख्खी."

यमुनाने हंडा खाली ठेवला आणि पाठीची गाठ सोडली. तिचे हात ओले होते, म्हणून मुलीला धरायला मी घेतलं. मंगळ्या शेजारी उभा होता, बाटलीवरच्या चौकोनाकडे बघत. सुई टोचली, मुलगी क्षणभर गप्प झाली आणि मग तिने असा सूर लावला की आंब्यावरचे पक्षी उडाले. आईच्या पाठीवर एवढा वेळ उन्हातून आलेली, तिचं अंग माझ्या छातीशी ऊन ऊन लागत होतं. मी घाबरून तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. जित्या पोराची असते तेवढीच ऊब होती.

उष्णता बाहेर काढण्यातच माझी उभी नोकरी गेली. एवढी एक मात्र मी दोन्ही हातांनी आत धरून ठेवली, तिच्या आईने मागून घेईपर्यंत.